जुन्या पिकअपचं वायरिंग : बदलायचं की सावरायचं?

(वेंगुर्ले येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्य तितका तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरे आहेत.)



आजचा विषय जुन्या पिकअपच्या वायरिंगचा. समोर काही गाडीवाले बसलेत, काही ऑटो इलेक्ट्रिशियनचं काम शिकणारी मुलं आहेत, आणि काहीजण नुसत्या कुतूहलाने आलेत. या तिसऱ्या मंडळींनी घाबरायचं कारण नाही. घरातला दिवा कसा लागतो हे ज्याला समजतं त्याला गाडीचं वायरिंगही समजतं. फरक एवढाच, की घर एका जागी उभं असतं आणि गाडी खड्ड्यांतून, पावसातून, आपल्याकडे तर खाऱ्या वाऱ्यातून चालते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकायला सोपं जाईल. समुद्राकाठच्या जुन्या गाडीत वायर सहसा मधोमध मरत नाही. मरतात ते जोड. आणि जोडांमध्येही सगळ्यात आधी मरतात ते अर्थचे जोड. त्यामुळे "सगळं वायरिंग फाडून नवं घाला" असं कोणी सांगितलं, तर आधी जोड तपासा. आणि नवं घातलंत तरी जोड जुन्याच पद्धतीने केलेत, तर दोन पावसाळ्यांनी पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभे राहाल.

आपली गाडी कोणती

जुनी पिकअप म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर दोन-तीनच गाड्या येतात. महिंद्राची, जीपच्या घराण्यातली. नाहीतर टाटाची; १९८८ साली टाटा मोबाईल आली आणि तिच्याच वाणाची २०७ पुढे गावोगावी पोचली. बोलेरो २००० साली आली, आणि तिच्या नावाची पिकअप आज बंदरापासून बाजारापर्यंत सगळीकडे दिसते. पंधरा-वीस वर्षं झालेल्या गाड्यांबद्दल मी बोलतोय. यांच्या वायरिंगमध्ये संगणक नाही, सेन्सरांचं जाळं नाही. बॅटरी, सेल्फ, अल्टरनेटर, दिवे, वायपर, हॉर्न आणि डॅशबोर्डवरचे चार काटे, एवढाच संसार.

हे घराणं ज्या युद्धकाळातल्या विलीज जीपपासून सुरू झालं, ती जीप सहा व्होल्टची होती. आपल्या गाड्या बारा व्होल्टच्या आहेत आणि मोठे ट्रक चोवीसचे. असं का? साठ वॅटचा बल्ब सहा व्होल्टवर दहा अँपिअर खेचतो, बारा व्होल्टवर पाच. करंट निम्मा झाला की त्याच वायरमध्ये वाया जाणारी उष्णता चौथाई होते, कारण ती करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. हा वर्गाचा हिशेब लक्षात ठेवा, पुढे दोन-तीनदा लागणार आहे.

आता डिझेल गाडीची एक गंमत, जी पुढे जाऊन धोक्याची ठरते. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगी लागते, त्यामुळे वायरिंग बिघडलं की गाडी बंद पडते आणि मालकाला नाइलाजाने लक्ष द्यावं लागतं. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झालं की विजेची जवळजवळ गरजच नसते. अर्धं वायरिंग मेलेलं असलं तरी गाडी आंबोली घाट चढून जाते. मालक म्हणतो, "गाडी फर्स्टक्लास आहे, फक्त मागचा एक दिवा मधूनमधून जातो." त्या "फक्त"मध्येच सगळं अडकलेलं असतं.

परतीची वाट

घरात दोन वायरी दिसतात, फेज आणि न्यूट्रल. गाडीत बल्बाला एकच वायर जाते. मग करंट परत कसा येतो? पत्र्यातून. बॅटरीचं मायनस टोक चासीला जोडलेलं असतं, आणि गाडीचा अख्खा लोखंडी सांगाडा ही परतीची वायर असते. यालाच आपण अर्थ म्हणतो. जमिनीशी त्याचा काही संबंध नाही. पण हा अर्थ नसेल तर बाकी सगळं निरर्थक.

जायच्या वाटेकडे सगळे बघतात. फ्यूज बघतात, स्विच बघतात, बल्ब बदलतात. परतीच्या वाटेकडे कोणी बघत नाही, कारण ती दिसतच नाही. तो एक बोल्ट असतो, खाली चासीला, चिखलात. आपल्याकडे चासी दर दोन-तीन वर्षांनी घासून रंगवतात. रंगारी बोल्टच्या खालीसुद्धा रंग मारतो. रंगातून वीज जात नाही. गाडी बाहेरून नवी दिसायला लागली, आणि त्याच दिवशी मागचे दिवे मंद झाले, असं अनेकांनी अनुभवलं असेल.

अर्थ गेला की काय होतं, ते मागच्या दिव्यावरून सांगतो. मागच्या दिव्यात बहुधा एकाच बल्बात दोन तारा असतात. टेल लाईटची ५ वॅटची, ब्रेक लाईटची २१ वॅटची. दोघींची परतीची वाट एकच. समजा उजव्या दिव्याचा अर्थ तुटला. रात्री दिवे चालू आहेत. ५ वॅटच्या तारेतून करंट आला, त्याला घरी जायला रस्ता नाही. मग तो उलटा फिरतो, त्याच बल्बातल्या ब्रेकच्या तारेतून वर चढतो आणि डाव्या बाजूच्या ब्रेक लाईटच्या अर्थमधून परत जातो. उजवा दिवा मंद का होईना, लागलेला दिसतो. चालकाला वाटतं, ठीक आहे.

आता त्याने ब्रेक दाबला. ब्रेकच्या वायरमध्येही बारा व्होल्ट आले. म्हणजे बल्बाच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज. वीज वाहणार कशी? उजवा दिवा पूर्ण विझतो.

नीट ऐका. रात्री, पावसात, ब्रेक दाबल्यावर दिवा लखलखायला हवा, त्या क्षणी तो विझतो. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला काय दिसेल? पहाटे साडेतीनला मच्छी भरून सावंतवाडीकडे निघालेल्या गाडीमागे कोणीतरी असतोच. आंबोलीच्या धुक्यात तर तेवढे दोन लाल ठिपके हीच काय ती ओळख. एका गंजलेल्या बोल्टाची किंमत ही असू शकते.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. दिवे बंद ठेवून ब्रेक दाबा आणि दुसऱ्याला गाडीभोवती फिरायला सांगा. ब्रेकबरोबर पार्किंग किंवा नंबर प्लेटचा दिवा पुसट लागला, तर अर्थ गेलाय. इंडिकेटर लावल्यावर शेजारचा दिवाही लुकलुकत असेल, तरी तेच. बल्ब बदलू नका, बोल्ट बघा.

इंजिनाचंही तसंच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला चासीशी जोडणारी एक जाड विणलेली पट्टी किंवा केबल असते. ती तुटली तर सेल्फ मारताना जाणारा दीड-दोनशे अँपिअरचा करंट दुसरी वाट शोधतो. ॲक्सिलरेटरची केबल, चोकची केबल, जे लोखंड मिळेल ते. केबल गरम होऊन तिचं प्लास्टिक वितळलेलं दिसलं, तर केबलला दोष देऊ नका. ती बिचारी दुसऱ्याचं ओझं वाहत होती.

मीठ काय करतं

आता हे आपल्याकडेच जास्त का होतं? पुण्यात तीच गाडी वीस वर्षं त्याच वायरिंगवर चालते, मग वेंगुर्ल्यात का नाही?

पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी आठवा. मीठ ओलं होतं, पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली, की मीठ हवेतलं पाणी स्वतःकडे ओढून त्यात विरघळतं. आपल्याकडे पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते, आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शिरोड्याची मिठागरं सगळ्यांना ठाऊक आहेत, १९३० चा मिठाचा सत्याग्रह तिथे झाला. तिथे मीठ उन्हाळ्यात पिकतं, पावसात नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. गाडीच्या कपलरमध्ये बसलेलं मीठही पावसाळाभर सुकत नाही. साधं पाणी उडून जातं. खारं पाणी राहतं, आणि वीजही वाहून नेतं.

त्यात आपली पिकअप मच्छी वाहते. बर्फाचं पाणी हौद्यातून चासीवर गळतं, आणि मागच्या दिव्यांची वायर त्याच चासीच्या कडेने गेलेली असते. म्हणजे समुद्राला गाडीपर्यंत यायची गरजच नाही, आपण त्याला रोज पाठीवर घेऊन फिरतो.

तांब्यावर याचा परिणाम काय होतो, हे आपल्या आज्यांना माहीत होतं. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं तर ते कळकतं, हिरवं होतं. वायरच्या टोकाला जो हिरवा थर दिसतो, ते तेच कळकणं. आणि ते टोकाला थांबत नाही. गाडीची वायर अनेक बारीक तारांची असते. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी ती खारं पाणी आतल्या आत ओढून घेते. वरून वायर लाल-पिवळी छान दिसते, सोलून बघावी तर तांबं काळं पडलेलं.

उपायही आज्यांचाच आहे, कल्हई. बोटींसाठी जी वायर मिळते तिच्या तांब्याच्या प्रत्येक तारेवर कथिलाचा थर दिलेला असतो. ती महाग पडते. अख्ख्या गाडीला घालायची गरज नाही. पण मागच्या दिव्यांची वायर आणि अर्थच्या वायरी एवढ्यासाठी परवडत असेल तर जरूर घ्या.

मोजायचं कसं

टेस्टर बल्ब लावून "करंट येतोय" असं म्हणणं म्हणजे नळाला थेंब आला म्हणून टाकी भरेल असं म्हणणं. वायरच्या वीस तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी टेस्टर लागतो. ओहममध्ये मोजलं तरी मीटर म्हणतो सगळं ठीक. वायरवर भार टाकल्याशिवाय तिचं खरं दुखणं कळत नाही.

म्हणून साधा मल्टिमीटर घ्या आणि व्होल्ट कुठे हरवतात ते शोधा. हेडलाईट लावा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं बल्बाच्या होल्डरमधल्या प्लसवर. जे दिसेल ते जायच्या वाटेवर हरवलेलं व्होल्टेज. मग एक टोक बॅटरीच्या मायनसवर, दुसरं होल्डरच्या अर्थवर. हे परतीच्या वाटेवरचं नुकसान. अर्थच्या बाजूला ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. जायच्या बाजूला अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घेता येतं.

अर्ध्या-एक व्होल्टाने असं काय बिघडतं? हेडलाईटच्या बल्बाचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याच्या कितीतरी पट वेगाने पडतो. व्होल्टेज दहा टक्क्यांनी उतरलं की प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी जातो. तुळसच्या उतारावर पुढचं गुरू दिसायचं की नाही, ते या दीड व्होल्टावर ठरतं.

दुसरं, ते हरवलेलं व्होल्टेज कुठे जातं? उष्णतेत. दहा अँपिअर करंट आहे आणि एका जोडात एक व्होल्ट पडतोय, म्हणजे त्या जोडात दहा वॅट उष्णता. डाग देायची छोटी सोल्डरिंग गन पंचवीस वॅटची असते. नखाएवढ्या प्लास्टिकच्या कपलरमध्ये दहा वॅट सतत पेटवून ठेवले, तर तो वितळणारच. करपलेला, तपकिरी झालेला कपलर दिसला की समजा, दोष त्याच्या आतच आहे.

हाच मीटर बॅटरीवर लावा. रात्रभर उभी असलेल्या गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज असेल तर १२.६ व्होल्टच्या आसपास. १२.२ म्हणजे अर्धी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. त्याहून कमी असेल तर चार्जिंगच्या वायरीचे जोड आधी बघा, अल्टरनेटर नंतर उघडा.

बदलायचं की सावरायचं

आता मूळ प्रश्नाकडे. माझी कसोटी साधी आहे. कळकलेलं टोक कापा आणि वायर सोला. तांबं लखलखीत असेल तर वायर चांगली आहे, नवं थिंबल लावा. काळं असेल तर चार बोटं मागे जाऊन पुन्हा सोला. वीतभर आत गेल्यावरही काळंच असेल, तर ती वायर टोकापासून टोकापर्यंत बदला. मधे तुकडा जोडू नका. प्रत्येक तुकडा म्हणजे दोन नवे जोड, आणि आपलं भांडण जोडांशीच आहे.

दुसरी कसोटी आवरणाची. वायर बोटाभोवती वळवा. आवरणाला तडे गेले तर ते उष्णतेने मेलंय. इंजिनाजवळच्या वायरींचं हे हमखास होतं. तिसरी उंदरांची. आंब्याच्या पेट्या आणि काजूच्या गोण्या वाहणाऱ्या गाडीत उंदीर पाहुणा नसतो, घरचाच असतो. कुरतडलेली जागा एक सापडली तर आणखी दोन असतात.

बहुतेक गाड्यांत असं दिसतं, की केबिनच्या आतलं वायरिंग ठणठणीत असतं, बोनेटखालचं मध्यम, आणि मागच्या दिव्यांकडे जाणारं पूर्ण गेलेलं. म्हणजे अख्खं बदलायची गरज नाही. मागचं नवं घाला, पुढचं टोकांना सावरा, आतलं राहू द्या. फांदी वाळली म्हणून कोणी झाड तोडत नाही.

अपवाद एकच. आधीच्या तीन-चार जणांनी जोडावर जोड मारून ठेवलेत, सगळीकडे एकाच रंगाची वायर आहे आणि कुठली कुठे जाते ते कोणालाच कळत नाही, अशी गाडी आली तर सरळ सगळं काढा. तिथे सावरण्यासारखं काही उरलेलं नसतं.

काम करताना

सुरुवात कागदापासून. वायरीला हात लावण्याआधी गाडीचा नकाशा काढा. कुठून निघते, कुठे जाते, मधे कुठला स्विच, कुठला फ्यूज. मोबाईलवर फोटो काढा. प्रत्येक टोकाला चिकटपट्टी लावून नाव लिहा. रंगांवर विसंबू नका, आधीच्या कारागिराने काय केलंय ते त्यालाच ठाऊक.

बॅटरी सोडवताना मायनस आधी सोडा, जोडताना मायनस शेवटी. कारण सोपं आहे. मायनस जोडलेला असताना प्लस खोलायला गेलात आणि पाना पत्र्याला लागला, तर थेट शॉर्ट. मायनस आधीच सुटला असेल तर पाना कुठेही लागू दे.

वायर घ्यायची ती गाडीचीच, बारीक अनेक तारांची, उष्णता सोसणारं आवरण असलेली. घरच्या फिटिंगमधली उरलेली एकेरी जाड तारेची वायर गाडीत घालू नका. ती थरथरीने तुटते. जाडीचा अंदाज सांगतो. टेल लाईट, इंडिकेटर यांना एक चौरस मिलिमीटर पुरते. हेडलाईटला अडीच घ्या. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत त्याच्या क्षमतेनुसार सहा ते दहा. बॅटरीपासून सेल्फपर्यंत पंचवीस ते पस्तीस, आणि इंजिनाच्या अर्थची पट्टीही तेवढीच जाड. जाताना राजरस्ता आणि येताना पायवाट, असं चालत नाही.

हेडलाईटसाठी रिले लावा. जुन्या गाड्यांत अनेकदा हेडलाईटचा सगळा, म्हणजे दहा अँपिअर करंट डॅशबोर्डवरच्या स्विचमधून फिरून येतो, आणि म्हणूनच तो स्विच गरम होतो. रिले हा मुकादम आहे. स्विचने त्याला ०.२ अँपिअरच्या आसपास इशारा द्यायचा, जड काम तो स्वतः करतो. त्यावर आकडे असतात. ८५ आणि ८६ इशाऱ्याचे, ३० वर बॅटरीकडून येणारी वायर, ८७ वरून दिव्याकडे जाणारी. एवढं पाठ केलंत तर कुठलाही साधा रिले जोडता येतो. नुसत्या एका रिलेने जुने हेडलाईट किती उजळतात ते करूनच बघा.

फ्यूज बल्बासाठी नसतो, वायरीसाठी असतो. वायर वितळण्याआधी फ्यूज वितळला पाहिजे. म्हणून वायरच्या जाडीवरून फ्यूज ठरवा. हल्लीच्या पात्याच्या फ्यूजमध्ये लाल १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०. दोन्ही हेडलाईटना वेगवेगळा फ्यूज द्या, म्हणजे एक गेला तरी दुसरा राहील. आणि तो जुना उद्योग, फ्यूज उडाला की सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायची, तो कायमचा बंद करा. चांदी वितळत नाही, मग वायर वितळते. डॅशबोर्डच्या मागे कापूस, कागद, धूळ आणि वीस वर्षांचं प्लास्टिक असतं. पुढे काय होतं ते सांगायला नको.

आता जोड. वायर पिळून वर टेप गुंडाळणं हा जोड नाही. टेप पहिल्या उन्हाळ्यात चिकटपणा सोडते आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवते. योग्य मापाचं थिंबल घ्या, दाबायच्या पक्कडीने दाबा, ओढून बघा, आणि वर आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी तापवून बसवा. गोंद वितळून कडेने बाहेर आला, की तिथून पाणी आत जात नाही. डाग दिला तर चालेल का, असं मुलं विचारतात. डागाने वीज चांगली जाते, पण डाग जिथे संपतो तिथे वायर ताठ होते आणि थरथरीने तिथेच मोडते. द्यायचाच असेल तर वायर मागे नीट बांधून घ्या.

अर्थचा बोल्ट: रंग खरवडून लोखंड चकचकीत करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा, आणि मग वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेली फासा. आधी धातूला धातू, मग ग्रीस. मागच्या दिव्यांना तर पत्र्यावर सोडूच नका. प्रत्येक दिव्यापासून एक स्वतंत्र अर्थ वायर पुढे चासीच्या कोरड्या जागेपर्यंत आणा. पत्रा गंजणारच आहे, दिव्याने त्याच्यावर का अवलंबून राहायचं?

वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्रा सुरीसारखं आवरण कापतो. आणि कपलरच्या आधी वायरीला खाली एक झोळ ठेवा. घराच्या वीजजोडणीला बाहेर ठेवतात तसा. पाणी वायरीवरून ओघळत येतं, झोळाच्या तळाशी थेंबून पडतं, कपलरमध्ये शिरत नाही. याला पैसे पडत नाहीत, वीतभर वायर लागते.

हे सगळं मे महिन्यात, पावसाआधी करा. आंब्याचा हंगाम असतो, गाडी उभी ठेवणं जिवावर येतं, हे मला कळतं. पण जूनमध्ये ओल्या गाडीवर केलेला जोड आतमध्ये ओल घेऊनच बंद होतो.

प्रश्नोत्तरे

प्रश्न : गाडी दोन दिवस उभी रवली की बॅटरी उतरता. नवीन घातलंय तरी तांच. कित्याक?

बॅटरी चोरीला जात नाहीये, तिची वीज जातेय. गाडी पूर्ण बंद करा, मायनसची केबल सोडा आणि केबल व बॅटरी यांच्या मधे मीटर अँपिअरवर लावा. या वेळी सेल्फ मारू नका, मीटर जळेल. जुन्या साध्या गाडीत जवळजवळ शून्य दिसलं पाहिजे. टेप असेल तर थोडे मिलिअँपिअर, पण पन्नासच्या वर नको. तुम्हाला समजा एक अँपिअर दिसला, तर साठ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी अडीच दिवसांत संपते. आता एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडेल, चोर त्या वाटेवर. कुठल्याच फ्यूजने पडला नाही तर अल्टरनेटरची वायर सोडून बघा. बॅटरीच्या डोक्यावर मीठ आणि ओल साचली असेल तर तिथूनही थोडी वीज झिरपते. खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने पुसून काढा.

प्रश्न : बाजारात तयार वायरिंग सेट मिळतो. तो घालावा का?

गाडीचं मॉडेल आणि वर्ष जुळत असेल, वायर जाडीला बरोबर असेल तर वेळ वाचतो. पण सेट म्हणजे फक्त जायची वाट. अर्थचे बोल्ट तुम्हालाच घासावे लागतात. आणि नवा सेट लागून प्रत्येक दिवा तपासून होईपर्यंत जुना भंगारात टाकू नका. अडलात तर तोच तुमचा नकाशा.

प्रश्न : प्रकाश कमी पडतो म्हणून १००/९० वॅटचे बल्ब घातले तर?

६०/५५ ऐवजी १०० वॅट म्हणजे करंट पावणेदोन पटीच्या जवळ, आणि मघाचा वर्गाचा हिशेब लावा, तर वायरमधली उष्णता पावणेतीन पट. होल्डर वितळतो, काच-रिफ्लेक्टर काळा पडतो, समोरचा आंधळा होतो तो वेगळाच. आधी बल्बापर्यंत पूर्ण बारा व्होल्ट पोचवा. बहुतेकदा ६०/५५ वाला पुरून उरतो.

प्रश्न : पत्र्याचं वेल्डिंग करताना बॅटरी काढायची का?

काढायचीच. दोन्ही केबल सोडा, अल्टरनेटरचीही वायर सोडा. वेल्डिंगचा अर्थचा चिमटा जिथे काम चाललंय त्याच्या अगदी जवळ लावा. नाहीतर वेल्डिंगचा करंट घरी जायला तुमच्या वायरिंगमधून वाट काढेल. तसंच इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून "अल्टरनेटर चालतोय का" हे बघायची सवय सोडा. व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरच्या आतले डायोड जातात.

प्रश्न : फिटनेसला तर गाडी पास होते. मग एवढं करायचं कशाला?

माल वाहणाऱ्या गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो. त्या दिवशी दिवा लागला हे तिथे दिसतं. वर्षाचे बाकीचे दिवस, रात्री, पावसात, भरलेल्या हौद्यासकट तो लागतो का, हे तुम्हीच बघायचं. महिन्यातून एकदा, अंधार पडल्यावर, एकाला केबिनमध्ये बसवा आणि स्वतः मागे उभे राहा. टेल, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर, एकेक करून आणि मग सगळे मिळून. पाच मिनिटांचं काम आहे. आज घरी गेल्यावर गाडी लावतानाच करून बघा. ब्रेक दाबल्यावर एखादा दिवा विझलेला दिसला, तर उद्या सकाळी आधी तो बोल्ट, मग माल.